मोहाडीतले दोन रिकामे रकाने

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा समस्त नागरिकांस, याद्वारे जाहीर करण्यात येते की भारत सरकारचं एक अत्यंत गंभीर गुपित गेली कित्येक वर्षं माझ्या पोटात आहे आणि ते या लेखात फुटणार नाही. फराळाचं ताट पुढे करून पाहू नये. ओळखीपाळखीचा दाब आणू नये. जे कायद्याने कोर्टालासुद्धा मागता येत नाही, ते दिवाळी अंकाच्या वाचकांना कसं मिळणार?

घोषणा संपली. आता मोकळेपणाने बोलते.

मी भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. गॅदरिंगच्या वेळी राजापासून राक्षसापर्यंत सगळ्या भूमिका मुलांना करून दाखवायचं काम माझ्याकडे असतं, आणि मुलांपेक्षा मीच त्यात जास्त रमते असा स्टाफरूममध्ये बोभाटा आहे. तो खरा आहे. पण माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं नाटक शाळेत झालं नाही. ते मोहाडीत, एका बोरिंगजवळ, भर दुपारी झालं. बोरिंग म्हणजे आमच्याकडचा हातपंप. त्या नाटकात माझी भूमिका होती प्रगणकाची.

प्रगणक म्हणजे जनगणनेत घरोघरी जाऊन माणसं मोजणारा. सरकारला माणसं मोजायची झाली की पहिल्यांदा मास्तर आठवतात. आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेत मी नवीन नवीन होते. त्याच्या पुढच्या जनगणनेपर्यंत चांगली मुरले. एक पिशवी मिळते, त्यात फॉर्म, नकाशाचा कागद आणि काळ्या शाईचा पेन. फॉर्म मशीन वाचणार, म्हणून त्याला घडी पाडायची नाही, डाग पाडायचा नाही. आणि इकडे प्रत्येक घरात चहा! कपबशी दिसली की मी फॉर्म छातीशी धरून मागे सरकायची. एका आजीबाईंना वाटलं, मी फॉर्म घेऊन पळून चालले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. फॉर्ममध्ये धर्माचा एक रकाना असतो. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन, या सहांना ठरलेले आकडे आहेत. माणसाने यातलं एक नाव घेतलं की आकडा टाकायचा. पण या सहांच्या बाहेरचं काही सांगितलं, तर आकडा नाही. ते नाव पूर्ण अक्षरांत लिहायचं. आमच्या प्रशिक्षणात शिकवणारे साहेब तहसीलच्या हॉलमध्ये टेबलावर हात आपटून म्हणाले होते, "उद्या कोणी म्हणाला माझा धर्म भेंडीची भाजी, तर भेंडीची भाजी लिहायचं! हसायचं नाही, समजवायचं नाही, वाद घालायचा नाही. तुम्ही पोस्टमन आहात. पत्रात काय लिहिलं आहे याच्याशी पोस्टमनचा संबंध नसतो."

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. कुटुंबप्रमुखाचा धर्म वरून खाली ओढायचा नाही. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा विचारायचा. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा. बाप सांगतो, "सगळ्यायचा एकच, लिहून टाका," आणि मागे सात माणसं उभी असतात, ज्यांना जन्मात हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

भेंडीची भाजी कोणी सांगितली नाही, पण जवळपास पोचणारी माणसं भेटली. नावं सांगत नाही, म्हणजे कायदाही शाबूत राहील. नदीकाठच्या एका गावात (कारधा का, असं विचारू नका) जाळं विणत बसलेला एक ढिवर म्हणाला, "लिहा, वैनगंगा." मी लिहायला पेन टेकवला तर आतून बायको ओरडली, "याचं कायले आयकता मॅडम! पूर आला का सगळ्याच्या पयले हाच पळते!" दुसऱ्या एकाने दुकानात विचारावं तसं विचारलं, "कोणते कोणते आहेत?" मी वाचून दाखवले. त्याने विचार केला आणि म्हणाला, "यातला कमी गर्दीचा कोणता?"

आणि एकोडीकडचे दसरूबाबा. त्यांचं सांगायला हरकत नाही, कारण त्यांनी आपलं उत्तर स्वतःच साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात दिलं होतं. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले, सलामी द्यायला उभे राहावं तसे. "गोंडी," म्हणाले. "लिहिलं का? वाचून दाखवा." मी वाचून दाखवलं. "आणखी एकडाव वाचा." पुन्हा वाचलं. मग सांगू लागले, "मागच्या खेपी मास्तर आला, अंगणातूनच इचारला किती माणसं, आन् गेला. मी म्हटलं, याले माहा धरम कसा मालूम? घरी जाऊन सपनात पाहते का?"

मी घरातल्या बाकीच्यांकडे वळले तशी त्यांनी बायकोला हाक मारली. "इकडे ये. बाई तुले इचारून राहिली." म्हातारी आली, पदराने तोंड पुसलं, म्हणाली, "माहा बी थोच. पण इचारला थे बरं केलं माय."

इचारला थे बरं केलं. त्या वाक्याने माझ्यातली प्रगणक तयार झाली. साहेबांच्या टेबल आपटण्याने नाही.

तर आता पडदा उघडते. पुढची जनगणना, गाव मोहाडी. इथली नावं बदललेली आहेत.

माझ्या वाट्याला आलेल्या भागाचा नकाशा मीच काढला होता. एका बाजूला विणकरांची गल्ली, दुसऱ्या बाजूला विहाराकडची वस्ती, आणि दोन्हींच्या मधोमध एक कडुनिंब आणि बोरिंग. विणकरांच्या गल्लीत वासुदेवराव सोनकुसरे राहायचे. गल्लीतले बरेच माग बंद पडले होते. त्यांचा एक चालू होता, त्यावर ते कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, लुगडं विणायचे, काठ करवती, करवतीच्या दातांसारख्या नक्षीचा. बोरिंगच्या पलीकडे मेश्रामांचं घर. प्रवीण मेश्राम वीज खात्यात लाइनमन, घरी त्याची आई शेवंताबाई. आणि वर्षभरापासून त्याची बायको वैशाली. ही वैशाली वासुदेवरावांची एकुलती एक मुलगी.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी वासुदेवराव मागावरून उठून बोरिंगजवळ आले आणि पाणी भरणाऱ्या सगळ्या बायकांसमोर त्यांनी शपथ घेतली: "माह्या घरचं कोणी त्या उंबऱ्यावर चढलं, त्या घरचं पाणी पेलं, तं त्यानं माह्या नावानं आंघोळ करून घ्यावी." म्हणजे मी त्याच्यासाठी मेलो. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. वर्षभरात त्या दोन घरांत हे दोन्ही शब्द कोणाच्या तोंडातून निघाले नव्हते.

शपथ पाळली गेली. वैशालीची आई सुमनताई बोरिंगवर पाणी भरायला यायची, मुलगीही यायची, आणि दोघी आपापल्या गुंडाकडे, म्हणजे पाण्याच्या भांड्याकडे, पाहायच्या. नुसतं एवढं असतं तर निभलं असतं. पण वैशालीला दिवस गेले होते आणि महिने भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत. वस्तीतल्या बायका माझ्याजवळ धान्य निवडता निवडता हेच बोलायच्या: पोरीचं माहेर शंभर पावलांवर, पण नेणार कोण?

घरांच्या क्रमाने मी आधी मेश्रामांकडे पोचले. शेवंताबाईंनी चहा पुढे केला, मी फॉर्म छातीशी धरला, त्या हसल्या. त्यांच्या धर्माचा प्रश्न आला.

"बौद्ध," त्या म्हणाल्या. "चांगलं ठळक लिहा. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून नागपूरले गेलो होतो मी. बाप रस्ताभर म्हणे, आता कोणी इचारलं तं सांगजो. मी तं वाटच पाहतो कोण इचारते याची."

मग सुनेची पाळी. शेवंताबाई सवयीने बोलून गेल्या, "हिचा बी..." आणि जीभ चावून थांबल्या. "नाही. हिचा हिले इचारा. माह्या बापानं आपला धरम आपल्या मनानं घेतला. मी हिच्या डोक्यावर ठेवणारी कोण?"

वैशाली भिंतीला टेकून बसली होती. तिने मला उलटा प्रश्न केला. "मॅडम, माह्या आईकडं जाऊन आल्या का तुमी?"

"नाही. अजून पाळी नाही आली."

"मंग आई जो सांगन, थोच माहा लिहा."

"असं चालत नाही ग. तुझा तुला सांगावा लागतो."

"हे घर माह्या जीवाचं आहे मॅडम," ती म्हणाली. "सासू तं अशी का कोणाले भेटू नये. पण तिकडचं सारं फेकून इकडं आली असं माह्या आईले वाटू नये. आईनं जो सांगितला, थो माहा. माहं हेच उत्तर आहे."

पोस्टमनने काय करावं? उत्तर तर मिळालं होतं, पण रकान्यात बसत नव्हतं. मी तो तसाच ठेवला आणि पुढच्या घरी गेले.

दोनेक दिवसांनी सोनकुसऱ्यांची पाळी आली. बाहेरच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून वासुदेवराव मागावर बसलेले. त्यांनी धोटा थांबवला नाही. खटक खटक या तालावरच ते मला उत्तरं देत होते. नाव, वय, शिक्षण, सगळं त्या तालात. मध्येच, मान वर न करता त्यांनी विचारलं, "तिकडं गेल्या होत्या म्हणे तुमी."

"कुठं?"

"बोरिंगच्या पलीकडं. चहा पेल्या का?"

"पेली."

खटक खटक. खटक खटक. "अद्रक टाकते का अजून? का सोडलं?"

त्यांना मागावर बसल्या बसल्या दिवसातून तीन-चार वेळा अद्रकाचा चहा करून देणारी एकच व्यक्ती त्या घरात होती, आणि ती वर्षापूर्वी गेली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी सरकारी चेहरा करून म्हटलं, "वासुदेवराव, फॉर्ममध्ये अद्रकाचा रकाना नाही. धर्म सांगा."

"हिंदू. माहा हिंदू, बायकोचा हिंदू. ओढा खाली."

"तुमचा लिहिला. ताईंचा त्यांना विचारते."

ते मोठ्याने हसले. "बायकोचा धरम कोठी वेगळा असते का, मॅडम? तुमी बी गंमत करून राहिल्या."

मी हाक मारली. सुमनताई कणकेचे हात घेऊन आल्या. बोलण्यात एकदम कमी असलेली बाई. मी प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, मागे आणखी कोणी उभं आहे की काय म्हणून.

"मले?"

"हो. तुम्हालाच."

त्या हाताची कणीक खरडत राहिल्या. आणि मग अगदी सरळ, कोणाला चिडवायचं नाही, भांडायचं नाही अशा आवाजात म्हणाल्या, "माह्या पोरीनं जो सांगितला असन, थोच माहा लिहा."

माग थांबला.

वाचकहो, माझ्या जागी तुम्ही स्वतःला बसवून पाहा. मुलगी म्हणते, आईचा तो माझा. आई म्हणते, मुलीचा तो माझा. दोघींनी एकमेकींशी वर्षभरात एक शब्द बोललेला नाही. दोघींची उत्तरं माहीत असलेली पृथ्वीच्या पाठीवरची एकमेव व्यक्ती मी, आणि माझ्या तोंडाला कायद्याचं कुलूप! हसू आवरायला मी पेनचं टोपण दातांत धरलं होतं ते जवळजवळ गिळलं.

"तिनं काय सांगितलं, तुमाले तं मालूम आहे ना?" सुमनताईंनी विचारलं.

"मालूम आहे ताई. पण सांगता येत नाही."

खड्ड्यातून आवाज आला. "काय सांगितलं तिनं?" मी मान हलवली. "एवढंच सांगा मॅडम, हिंदू का तिकडचा?" मी मान हलवली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "बरं, फक्त डोये मिचकवा. एक मिचकवला तं हिंदू."

मी डोळे इतके ताणून उघडे ठेवले की संध्याकाळपर्यंत चुरचुरत होते.

आमच्यावर एक पर्यवेक्षक असतो. माझे पर्यवेक्षक होते बडवाईक सर, शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक. स्वभावाने गरीब, पण रिकामा रकाना दिसला की त्यांना घाम फुटायचा. दोन रिकामे पाहून ते खुर्चीत बसले.

"टाका न दोन्हीकडे हिंदू."

"मला कोणी तसं सांगितलं नाही, सर."

"मग एकीकडे हिंदू, एकीकडे बौद्ध. म्हणजे कोणाचीच तक्रार नाही."

"दोघींचा एकच असायला पाहिजे, असं दोघींचंही म्हणणं आहे."

"मग इतर लिहा!"

"इतर नाही चालत. नाव लागतं."

सरांनी रुमालाने मान पुसली, फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाले, "मग मॅडम, धर्माचं नाव लिहा 'मायलेकी' आणि मोकळ्या व्हा!"

खरं सांगते, पेन उचलला होता मी. त्या रकान्याला इतकं चपखल नाव देशात दुसरीकडे कुठे सुचलं नसेल. पण ते नाव सरांनी सांगितलं होतं, त्या दोघींनी नाही. पोस्टमनने पत्राला उत्तर लिहायचं नसतं. पेन खाली ठेवला.

मोजणी संपल्यावर एक फेरउजळणीची फेरी असते. पुन्हा घरोघर जायचं, मध्यंतरी कोणी जन्मलं का, कोणी गेलं का, विचारायचं, राहिलेलं पुरं करायचं. त्या फेरीत मी सोनकुसऱ्यांच्या दारात उभी राहिले आणि गॅदरिंगमधला प्रधानजीचा आवाज लावला.

"वासुदेवराव सोनकुसरे! जनगणनेच्या प्रश्नाला उत्तर देणं प्रत्येक नागरिकाला कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या घरातलं एक उत्तर अजून अपुरं आहे."

माग थांबला. ते खड्ड्यातून वर आले. कायद्याला ते फार भ्यायचे.

"मंग तिले म्हणा न, हिंदू सांग."

"मी म्हणू शकत नाही. तुम्हीसुद्धा म्हणू शकत नाही. त्यांनी उत्तर दिलेलं आहे. मुलीचा तो माझा. आता मुलीचा कोणता, हे मी त्यांना सांगू शकत नाही. त्यांनी जाऊन विचारायला पाहिजे."

"म्हणजे तिकडं? उंबऱ्यावर?"

"त्या पोरीला या दिवसांत मी सरकारी कामासाठी उन्हात चालवत आणू का?"

हे शेवटचं मी मुद्दाम म्हटलं. कायद्यात नव्हतं. ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले. सुमनताई दाराआड उभ्या होत्या. मी फॉर्मकडे पाहत राहिले, जणू त्यात मला फार वाचायचं होतं. वासुदेवराव थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर एक गोष्ट हळूहळू उगवत गेली, ती मी अजून विसरले नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "समजा, कोणी सरकारी कामाले गेलं, तं थे जाणं होत नाही ना?"

"कसं काय?"

"म्हणजे आता पोलीस वॉरंट घेऊन कोणाच्या घरात घुसते. थो काही पाव्हणा नसते. शपथ पाव्हणपणाची होती. सरकारी कामाची नव्हती." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "जा. पण सरकारी काम तेवढंच करजो. इचारायचं आन् वापस. मी येतो मागून, पाहतो."

असा कायद्याचा अर्थ कुठल्या वकिलाने लावला असता? मी फक्त एवढं म्हटलं, "मला आक्षेप नाही."

मग वरात निघाली. पुढे मी, छातीशी फॉर्म. मागे सुमनताई, हात पदराखाली. त्यांच्या मागे, आपण वेगळ्याच कामाला चाललो आहोत असं दाखवत, वासुदेवराव. बोरिंगवरच्या बायकांनी हांडे भरायचे थांबवले. एक मात्र दांडा मारतच राहिली, हांडा भरून वाहत होता, तिला शुद्ध नव्हती.

वासुदेवराव बोरिंगजवळ थांबले. तिथून ओरडून त्यांनी बायकोला विचारलं, "पदराखाली काय आहे?"

सुमनताई न थांबता म्हणाल्या, "जवसाची चटणी."

"सरकारी कामाले चटणी कायले?"

त्यांनी पदर आणखी घट्ट धरला. त्या उंबऱ्याशी पोचल्या, थबकल्या. वैशाली दारात आली. मला वाटलं होतं रडारड होईल, मी तयारीत होते. झालं भलतंच. आईने मुलीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "अशी वाकून कायले उभी राहतं? कंबर दुखन न!" आणि आत गेली. झालं. वर्ष संपलं.

मी ट्रंकेवर फॉर्म ठेवला, पेन उघडला, "तर प्रश्न असा आहे..." म्हणून सुरुवात केली. कोण ऐकतं! पायाला सूज आहे का, रात्री झोप येते का, पोट वर आहे की खाली, नर्सबाई काय म्हणाली, चटणीत लसूण कमी का. शेवंताबाई मध्ये मध्ये भर घालत होत्या. सुमनताई, ज्यांचा आवाज मी नीट ऐकलेला नव्हता, त्या न थांबता बोलत होत्या. भारत सरकार ट्रंकेवर बसून होतं.

शेवटी मीच खाकरले. "ताई, धर्म."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "तू सांग," आई म्हणाली. "नाही, तू सांग आई." "तुले माहीत तुझं." "माहा म्हणजे तूच सांगशीन न!" आणि दोघी हसायला लागल्या, वैशाली तर पोट धरून.

इथे मी थोडं पुढचं सांगून घेते. ते दोन्ही रकाने त्या दुपारी भरले. काळ्या शाईत, माझ्या चांगल्या अक्षरात, एकही डाग न पडता. बडवाईक सरांनी ते पाहून देवाला हात जोडले, आणि त्यांना काय दिसलं हे त्यांच्याही पोटात आहे. दोघींनी एकच सांगितलं की वेगवेगळं, सहांपैकी की सहांबाहेरचं, यातलं काहीही मी सांगणार नाही. सुरुवातीलाच तशी घोषणा केली आहे. वैशाली त्याच आठवड्यात माहेरी गेली आणि तिला मुलगा झाला. मोजणीची तारीख नुकतीच उलटून गेली होती, त्यामुळे तो राहिला. पुढची जनगणना वेळेवर झालीच नाही. पोरगा आता दहावीला आहे, आजोबांच्या मागावर बसून मोबाइल पाहतो, आणि सरकारी मोजणीत त्याचा अजून पत्ता नाही. शेवंताबाई मात्र गेल्या. पुढच्या खेपी कोणी विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा ठळक लिहायला लावलं असतं. ती एक हळहळ मला आहे. आता म्हणे सगळं मोबाइलवर होणार, बोटाने दाबलं की झालं. होऊ दे. फक्त वरून खाली ओढायची सोय त्यात नसावी.

तर त्या दुपारी. दोघी हसत होत्या आणि शेवंताबाई उठल्या. गडूभर पाणी घेतलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर वासुदेवराव बोरिंगपासून सरकत सरकत कडुनिंबापर्यंत आले होते, आणि आता कडुनिंबही मागे पडला होता. ते अगदी अंगणाच्या कडेला उभे होते, सरकारी कामावर लक्ष ठेवत.

"इवाई," शेवंताबाई म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदा. "उन्हात कायले उभे राहता? पाणी तरी घ्या."

बोरिंगचा दांडा थांबला. सगळ्या बायका इकडे पाहत होत्या. वैशाली सासूच्या मागे येऊन चौकट धरून उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली.

"पाणी नको!" वासुदेवराव म्हणाले.

गडू धरलेला हात तसाच राहिला. सुमनताईंनी डोळे मिटून घेतले. मी फॉर्म छातीशी इतका घट्ट धरला की घडी पडायची राहिली ते नशीब.

इतर सगळं गुप्त आहे. पण यापुढचं वाक्य जनगणनेच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते भर रस्त्यावर, साऱ्या मोहाडीला ऐकू जाईल असं बोललं गेलं, त्यामुळे ते छापायला कायद्याची हरकत नाही. ते बोलून झाल्यावर वासुदेवरावांनी चपला काढल्या, पण आधी ते एकदम ओरडले:

"पाण्यावर कायले भागवता इहीनबाई, अद्रकाचा चहा ठेवा न! थो धरम मंग लिहजा, मॅडम!"